सोपाऱ्याचे दोन शिलालेख आणि कंपवाताची शुश्रूषा : नालासोपारा परिसरातील साहाय्यित निवासाच्या प्रश्नाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

१. प्रस्तावना

दीर्घकालीन आजारांचा इतिहास बहुधा औषधांचा आणि वैद्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. रुग्णाला उठवून बसविणे, त्याला घास भरविणे, रात्री त्याची कूस बदलून देणे ही कामे ज्यांनी केली त्यांची नोंद या इतिहासात क्वचितच आढळते. कंपवात अर्थात पार्किन्सन्सच्या आजाराबाबत ही उणीव विशेष जाणवते. हा आजार रुग्णाला एकाएकी नेत नाही. अनेक वर्षे तो हालचालींची गती, आवाजाची पट्टी आणि चेहऱ्यावरील भाव हळूहळू हिरावून घेतो. त्यामुळे अशा रुग्णाचे आयुष्य किती सुसह्य होईल हे जितके औषधावर, तितकेच त्याच्या सोबतीला कोण आहे यावर अवलंबून असते.

वृद्धाश्रम आणि रुग्णालय या दोहोंच्या मधली एक व्यवस्था अलीकडच्या काळात शहरांतून रुजू लागली आहे. तिला इंग्रजीत ‘असिस्टेड लिव्हिंग’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘साहाय्यित निवास’ ही संज्ञा वापरली आहे. या व्यवस्थेत रहिवासी आपल्या खोलीत, आपल्या सवयींनुसार राहतो आणि जी कामे त्याला स्वतः करता येत नाहीत तेवढ्यांपुरती त्याला मदत मिळते. कंपवाताच्या रुग्णासाठी ही व्यवस्था तत्त्वतः अनुरूप आहे. मात्र तिचा कणा इमारत नसून तेथील वेतनी सेवक आहे, ही बाब धोरणांत आणि सार्वजनिक चर्चेत सहसा मागे पडते.

पालघर जिल्ह्यातील नालासोपारा व त्याभोवतालचा वसई-विरार परिसर केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाची ऐतिहासिक पार्श्वभूमी मांडण्याचा प्रयत्न येथे केला आहे. हे स्थान निवडण्यास दोन कारणे आहेत. वृद्धांची तरतूद आणि सेवकांशी योग्य वर्तन या दोन्ही विषयांचे उल्लेख ज्यांत येतात, असे सम्राट अशोकाचे दोन लेख याच भूमीत सापडले आहेत. दुसरे असे की, मुंबईच्या घरांना मनुष्यबळ पुरविणारे हे उपनगर आता स्वतःच्या वृद्धांच्या प्रश्नासमोर उभे आहे.

२. सोपारा : बंदर, स्तूप आणि शिलालेख

प्राचीन शूर्पारक म्हणजेच आजचे सोपारा. पश्चिम किनाऱ्यावरील हे बंदर बौद्ध वाङ्मयात तसेच ग्रीक नाविकांच्या लेखनात उल्लेखिलेले आहे. इ. स. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरुड राजाचा कोट’ या टेकाडाचे उत्खनन केले. त्यात स्तूपाच्या गाभ्यातून दगडी पेटी, तिच्यातील करंडक आणि कांस्यमूर्ती उजेडात आल्या. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सोपाऱ्यात मिळाला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. यावरून चौदा लेखांची संपूर्ण मालिका इ. स. पू. तिसऱ्या शतकात येथे कोरलेली असावी, असे अभ्यासक मानतात.

सोपाऱ्याचे हे तुकडे त्रुटित आहेत. त्यांचा संपूर्ण आशय गिरनार आदी ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. आठव्या लेखात राजाच्या विहारयात्रांची जागा धर्मयात्रांनी घेतल्याचे सांगितले आहे. मृगयेऐवजी श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांचे दर्शन व त्यांच्यासाठी द्रव्याची तरतूद, ग्रामीण जनांची भेट असा या यात्रांचा क्रम येतो. नवव्या लेखाचा विषय मंगलकृत्ये हा आहे. आजारपण, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नानाविध मंगलकृत्ये करतात. परंतु त्यांचे फळ अल्प असते. खरे फलदायी मंगल म्हणजे दास व सेवक यांच्याशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम आणि दान, असा त्या लेखाचा आशय आहे.

या दोन लेखांकडे आधुनिक अर्थाने वृद्धकल्याणाचा कायदा म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. आठव्या लेखातील वृद्धांना मिळते ते द्रव्य. त्यांची शुश्रूषा कोण करतो याचा उल्लेख तेथे नाही. नवव्या लेखातील सेवक हा घरातील सेवक आहे, रुग्णसेवक नव्हे. तथापि एक गोष्ट लक्षणीय आहे. आजारपणाच्या प्रसंगी काय करावे हा विषय निघाला असताना सेवकाशी कसे वागावे याकडे वाचकाचे लक्ष वळविणारा हा लेख आहे. मनुष्य आणि पशू यांच्या चिकित्सेची व्यवस्था सांगणारा दुसरा शिलालेख मात्र सोपाऱ्यात सापडलेला नाही. द्रव्याची तरतूद आणि सेवकाचा मान हे दोन मुद्दे पुढील विवेचनात वारंवार येणार आहेत.

३. कंपवाताची ओळख : वेपथूपासून लेव्होडोपापर्यंत

अंग कापणे या लक्षणाची नोंद भारतीय वैद्यकात जुनी आहे. माधवनिदानात सर्वांगाच्या व मस्तकाच्या कंपाला ‘वेपथु’ हे नाव देऊन तो वातव्याधींत गणला आहे. पुढे ‘कंपवात’ ही संज्ञा रूढ झाली. मात्र आजच्या अर्थाने एक स्वतंत्र व्याधी म्हणून या आजाराचे वर्णन प्रथम लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये ‘थरथरत्या पक्षाघाता’वरील निबंधात केले. पुढे पॅरिसमध्ये झां-मार्तँ शार्को यांनी त्याचे सूक्ष्म निरीक्षण केले आणि व्याधीला पार्किन्सन यांचे नाव दिले. पार्किन्सन यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, आज जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो.

विसाव्या शतकातील संशोधनात भारतीय वनस्पतींचा वाटा उल्लेखनीय आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाविषयी ब्रिटिश नियतकालिकात लेख प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष त्या वनस्पतीकडे वेधले गेले. तिच्यापासून वेगळे केलेले रिसर्पिन हे द्रव्य दिल्यास प्राणी निश्चल होतात, असे दिसून आले. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये अशा निश्चल प्राण्यांना लेव्होडोपा देऊन त्यांच्या हालचाली परत आणल्या व मेंदूतील डोपामिनचे महत्त्व दाखवून दिले. या कार्याबद्दल त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर व हॉर्निकिएविच यांनी कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची तूट असल्याचे सिद्ध केले. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी लेव्होडोपा तोंडावाटे, क्रमाक्रमाने वाढत्या मात्रेत देऊन उपचाराचा मार्ग मोकळा केला.

हेच लेव्होडोपा खाजकुहिलीच्या बियांत असते, हे दामोदरन व रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच दाखविले होते. १९७८ साली अशोक वैद्य, नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर खाजकुहिलीच्या उपयोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोकणातील कुंपणांवर वाढणारा, अंगाला लागल्यास खाज आणणारा हा वेल अशा रीतीने आधुनिक संशोधनाचा विषय झाला. अर्थात कच्च्या बियांतील मात्रा निश्चित नसते. त्यामुळे वैद्यकीय देखरेखीवाचून त्यांचा वापर करणे धोक्याचे ठरते.

लेव्होडोपाने रोगाचे मूळ नाहीसे होत नाही; मेंदूतील तूट ते काही तासांपुरती भरून काढते. आरंभीच्या वर्षांत रुग्णाला गुण ठळकपणे जाणवतो. पुढे गोळीचा प्रभाव लवकर ओसरू लागतो. रुग्ण दिवसातून अनेकदा ‘चालू’ व ‘बंद’ अशा अवस्थांतून जातो आणि मात्रांमधील अंतर कमी करावे लागते. म्हणजेच औषधाच्या शोधाबरोबर एक नवे काम जन्माला आले. गोळी नेमक्या वेळी हातात देणे हे ते काम होय. ते कोणी करावयाचे, हा प्रश्न औषधशास्त्राने सोडविलेला नाही.

४. वाडी, घर आणि दयासंस्था

वसई-सोपारा परिसरात वृद्ध व आजारी व्यक्तींची जबाबदारी परंपरेने घराने उचलली. केळी व नागवेलीच्या बागा, भातशेती, मीठ आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या येथील समाजांत एकत्र कुटुंबाची पद्धत होती. घराच्या ओटीवर किंवा पडवीत बसलेला वृद्ध येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेत असे. घरात माणसे पुष्कळ असल्याने सेवेचा भार वाटला जाई. परंतु या चित्राचे उदात्तीकरण करणे योग्य ठरणार नाही. हा भार प्रत्यक्षात सुना व मुली यांच्यावर पडत असे आणि त्याची गणना कामात होत नसे. शिवाय आयुर्मान कमी असल्यामुळे वार्धक्यात वाढणारा हा आजार घेऊन दीर्घकाळ जगणाऱ्या व्यक्तीही तुलनेने थोड्या असत.

घराबाहेरच्या सेवेची परंपराही या परिसरास अपरिचित नाही. १५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगीजांकडे होती. पोर्तुगीजांनी आपल्या वसाहतींत ‘मिसेरिकॉर्दिया’ नावाच्या दयासंस्था स्थापन केल्या. वसईच्या कोटातही अशी संस्था होती. आजाऱ्यांची भेट, निराधारांना आधार, मृतांचे दफन ही तिची धर्मकृत्ये मानली जात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीज सत्तेबरोबर या संस्थेचा राजाश्रय संपला. पुढे ब्रिटिश काळात मुंबई-पुण्यात दानशूर व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून धर्मशाळा व पंगुगृहे उभी राहिली. या सर्व संस्थांचे अधिष्ठान दया हे होते. त्यांत आश्रय मिळे, अन्न मिळे. परंतु रहिवाशाला स्वतःच्या इच्छेनुसार दिवस घालविण्याचा हक्क आहे, ही कल्पना त्यांत नव्हती. साहाय्यित निवासाची कल्पना दयासंस्थेहून वेगळी ठरते ती याच ठिकाणी.

५. लोहमार्ग आणि बदललेले घर

१८६७ मध्ये विरार ते मुंबई अशी उपनगरी गाडी सुरू झाली. १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. तरीही नालासोपाऱ्याचे ग्रामीण रूप अनेक दशके टिकून होते. मुंबईतील घरांच्या किमती वाढल्या आणि गिरण्यांच्या चाळींतील व उपनगरांतील कुटुंबे उत्तरेकडे सरकू लागली, तसे हे रूप झपाट्याने पालटले. ३ जुलै २००९ रोजी नालासोपारा, विरार, वसई व नवघर-माणिकपूर या नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२,२२,३९० इतकी नोंदली गेली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला.

या स्थित्यंतराने घराचा अर्थ बदलला. पडवीची जागा एक-दोन खोल्यांच्या सदनिकेने घेतली. मिळवती माणसे पहाटेची गाडी पकडतात आणि रात्री उशिरा परततात. मधल्या दहा-बारा तासांत घरी राहिलेल्या वृद्धाला औषध देण्यास कोणी नसते. अनेक जुन्या इमारतींना उद्वाहक नाही. कंपवाताच्या रुग्णासाठी तिसऱ्या मजल्यावरील असे घर म्हणजे जवळजवळ बंदिवासच होय. ज्या पिढीने तरुणपणी येथे घरे घेतली, तीच आता वार्धक्यात आली आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मुंबईच्या सुस्थित वस्त्यांतील वृद्धांची सेवा करणाऱ्या स्त्री-पुरुषांपैकी अनेकजण याच लोहमार्गाने नालासोपारा-विरारहून ये-जा करतात. दुसऱ्यांच्या आई-वडिलांना बारा तास सांभाळून ते घरी परततात, तेव्हा त्यांचे स्वतःचे आई-वडील दिवसभर एकटे राहिलेले असतात. सेवा देणारे उपनगर सेवेपासून वंचित राहावे, ही या प्रश्नाची सामाजिक बाजू आहे.

६. मुंबई-पुण्यातील अनुभव

कंपवाताकडे सामुदायिक पातळीवर पाहण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न मुंबईतील पारशी वसाहतींत झाला. डॉ. नादिर भरुचा, डॉ. एडी भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वसाहतींतील १४,०१० व्यक्तींची घरोघर जाऊन पाहणी केली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार दर लाख व्यक्तींमागे सुमारे ३२८ जणांना हा आजार होता. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण अधिक असल्याने ही संख्या जशीच्या तशी इतरांना लागू करता येत नाही. परंतु समाज वयोवृद्ध होऊ लागला की या आजाराचे ओझे किती वाढते, याची पूर्वसूचना तीत होती. एका आवारातील घरे, ओळखीचे शेजारी आणि समाजाचा न्यास अशी रचना असल्यामुळे ही पाहणी शक्य झाली, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

२००० नंतर रुग्णांच्या आधारगटांचे पर्व सुरू झाले. मुंबईत डॉ. भीम सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ मध्ये ‘पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी’ स्थापन झाली. व्यायाम, वाचा-उपचार, समुपदेशन यांची जोड देऊन तिने ठिकठिकाणी आधारगट चालविले. पुण्यात याच सुमारास मधुसूदन शेंडे व शरच्चंद्र पटवर्धन यांनी ‘पार्किन्सन्स मित्रमंडळा’चे कार्य सुरू केले. नर्तक हृषीकेश पवार यांचे कंपवाताच्या रुग्णांसाठीचे नृत्यवर्गही पुण्यातच २०१० च्या सुमारास रूढ झाले. ताल ऐकू आला की थबकलेले पाऊल उचलले जाते, हा या रुग्णांचा अनुभव अशा वर्गांत उपयोगी पडतो.

पुण्याच्या मित्रमंडळाच्या वापरातील दोन शब्द येथे विशेष नोंदवावेसे आहेत. रुग्णाला तेथे ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्या आप्ताला ‘शुभंकर’ असे संबोधतात. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातही हे शब्द प्रचलित आहेत. ‘रुग्ण’ आणि ‘नातेवाईक’ या शब्दांतील असहायता दूर सारून त्यांनी दोघांना समान प्रतिष्ठा दिली. तथापि शुभंकर हा प्रामुख्याने पती, पत्नी किंवा अपत्य असतो. वेतन घेऊन तेच काम करणाऱ्या व्यक्तीला समाज अद्याप ‘मावशी’, ‘मामा’ किंवा ‘ब्युरोची बाई’ म्हणूनच ओळखतो. पहिल्या दोन शब्दांत जिव्हाळा आहे, पण व्यवसायाची मान्यता नाही. तिसऱ्यात दोन्ही नाहीत.

७. कायद्याची वाटचाल

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या केंद्रीय कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्यांत पार्किन्सन्सचा नामोल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ही संख्या एकवीसवर नेली आणि दीर्घकालीन चेतासंस्थेच्या आजारांत पार्किन्सन्सचा स्पष्ट समावेश केला. या कायद्याने अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याची तरतूद करण्याचेही सुचविले आहे. सेवेचे काम पैशांत मोजण्याजोगे आहे, ही त्यातील मान्यता महत्त्वाची होय.

२००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणविषयक अधिनियमाने अपत्यांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, किमान १५० जणांची सोय असलेले वृद्धाश्रम राज्याने उभारावे, असेही त्यात म्हटले आहे. मात्र ही तरतूद ऐच्छिक स्वरूपाची आहे आणि ती निर्धन ज्येष्ठांपुरती मर्यादित आहे. निवृत्तिवेतनावर जगणारा, निर्धनही नाही आणि महागडे निवासही परवडत नाही, असा नालासोपाऱ्यातील मध्यमवर्गीय रुग्ण तिच्या कक्षेबाहेर राहतो. २०१९ मध्ये केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने निवृत्तांच्या निवाससंकुलांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. उतरंडी, आधारदांडे, घसरू न देणारी फरशी, रुंद दारे या बाबतींत ती उपयुक्त आहेत. परंतु त्यांचा मुख्य भर इमारत आणि करार यांवर आहे. आठव्या शिलालेखातील तरतुदीशी या कायद्यांचे साम्य आहे. द्रव्य आणि निवारा यांचा विचार त्यांत येतो. हाताला हात देणाऱ्याचा विचार त्या मानाने कमी होतो.

८. साहाय्यित निवासातील दिनक्रम

कंपवाताच्या रुग्णाला निवासात नेमके काय लागते, हे पाहिल्यास सेवकाचे महत्त्व स्पष्ट होते. पहिली गोष्ट औषधाची वेळ. संस्थांत औषधे सामान्यतः सकाळ, दुपार आणि रात्र अशी दिली जातात. कंपवाताच्या रुग्णाची मात्रा मात्र दर तीन-चार तासांनी असू शकते. गोळीस उशीर झाल्यास त्याला खुर्चीतून उठता येत नाही, घास गिळता येत नाही. ही गोळी एकाएकी बंद करणे तर जिवावर बेतू शकते. ब्रिटनमधील रुग्णसंघटनेने २००६ मध्ये, रुग्णालयांत गोळी वेळेवर मिळावी एवढ्याच मागणीसाठी देशव्यापी मोहीम हाती घेतली होती. यावरून या साध्या वाटणाऱ्या बाबीचे गांभीर्य लक्षात यावे. गोळी शक्यतो जेवणापूर्वी अर्धा तास द्यावी लागते. कारण डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिने काही रुग्णांत तिच्या शोषणात अडथळा आणतात. म्हणून स्वयंपाकघराचे वेळापत्रक औषधाच्या वेळापत्रकाशी जुळवावे लागते.

दुसरी गोष्ट चालण्याची. दारातून जाताना, वळताना किंवा अरुंद जागेत रुग्णाचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. उंबरठा असलेल्या घरांत हा अनुभव नित्याचा असतो. अशा वेळी त्याला ओढणे किंवा घाई करणे धोक्याचे असते. जमिनीवर ठरावीक अंतरावर आडव्या पट्ट्या आखल्या, किंवा ‘एक-दोन, एक-दोन’ असा ताल दिला, तर पाऊल सुटते. दृश्य खुणांचा हा उपयोग ब्रिटिश चेताविकारतज्ज्ञ पर्डन मार्टिन यांनी १९६७ मध्ये वर्णिला होता. रंगाचा डबा किंवा चिकटपट्टी एवढ्याच खर्चात होणारा हा उपाय आहे. पण तो केव्हा व कसा वापरावा, हे सेवकाला शिकवावे लागते.

तिसरी गोष्ट संवादाची. रुग्णाचा आवाज क्षीण होतो आणि चेहरा भावहीन दिसतो. त्यामुळे तो रुसला आहे, त्याला समजत नाही किंवा तो मुद्दाम हळू वागतो, असे गैरसमज होतात. सकाळी स्वतः जेवणारा रुग्ण दुपारी चमचा उचलू शकला नाही, तर ते नाटक नसून औषधाचा ओसरलेला प्रभाव असतो, हे ज्ञान नसलेला सेवक नकळत कठोर होतो. नालासोपाऱ्यासारख्या बहुभाषिक शहरात रुग्णाची बोली आणि सेवकाची भाषा वेगळी असू शकते. तेथे पुटपुटलेले शब्द समजणे आणखी कठीण होते. मोठ्याने श्लोक, भजन किंवा वर्तमानपत्र वाचण्याचा नित्यक्रम आवाजाच्या व्यायामासाठी उपयोगी पडतो.

याखेरीज गिळताना लागणारा ठसका, उभे राहताच उतरणारा रक्तदाब, बद्धकोष्ठता, रात्री कूस न बदलता येणे, भास होणे अशा अनेक बाबी आहेत. उलटी किंवा भास यांवर सर्रास दिली जाणारी काही औषधे या आजारात लक्षणे वाढवितात. मेटोक्लोप्रमाइड आणि हॅलोपेरिडॉल ही त्यांची परिचित उदाहरणे होत. म्हणून रुग्णाला अन्यत्र हलविताना त्याच्या गोळ्यांची व वर्ज्य औषधांची लेखी यादी सोबत देणे आवश्यक ठरते.

स्थानिक परिस्थितीचाही विचार करावा लागतो. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा स्थानकातील रूळ पाण्याखाली गेले आणि उपनगरी वाहतूक ठप्प झाली. दुसऱ्या पाळीचा सेवक अशा दिवशी पोहोचू शकला नाही, तर संध्याकाळची गोळी कोण देणार, याचे उत्तर निवासाने आधीच ठरविलेले असले पाहिजे. २३ एप्रिल २०२१ रोजी विरारमधील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून रुग्णांचा बळी गेला. स्वतः उठून बाहेर पडू न शकणाऱ्यांच्या निवासात अग्निसुरक्षा आणि रात्रपाळीतील पुरेसे मनुष्यबळ हे सोयीचे नव्हे तर जीवनमरणाचे विषय असतात, याची ती जाणीव होती. २०२५ च्या आरंभी नालासोपारा पूर्वेकडील ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानुसार पाडण्यात आल्या. निवासाची वास्तू कायदेशीर आहे किंवा नाही याची खातरजमा करणे या शहरात म्हणूनच अगत्याचे ठरते. कंपवाताच्या रुग्णाला एक बदललेली खोलीही गोंधळात टाकते. एकाएकी घर सोडणे त्याला कसे झेपणार?

९. सेवकाचा प्रश्न

वरील प्रत्येक गरज अखेरीस एका व्यक्तीपाशी येऊन थांबते. ती व्यक्ती बहुधा स्त्री असते, बारा तासांची पाळी करते, तिला लेखी करार क्वचितच मिळतो आणि तिचे प्रशिक्षण कामावरच होते. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. घरकामाला श्रमाची मान्यता देणारे हे महत्त्वाचे पाऊल होते. परंतु रुग्णसेवा हे घरकाम आणि परिचर्या यांच्या मधले काम आहे. त्यात कौशल्य परिचारिकेचे लागते आणि मोबदला घरकामाचा मिळतो. परिणामी सेवक वारंवार बदलतात. ज्या रुग्णाला सवयीचा हात आणि सवयीचा आवाज यांचा आधार हवा असतो, त्याच्या दृष्टीने हे बदल औषध चुकण्याइतकेच हानिकारक ठरतात.

नेदरलँड्समध्ये २००४ पासून ‘पार्किन्सननेट’ या उपक्रमाद्वारे या आजाराचे विशेष शिक्षण घेतलेल्या भौतिकोपचारतज्ज्ञ व अन्य व्यावसायिकांचे जाळे विभागवार उभे करण्यात आले. नालासोपाऱ्याची साधने वेगळी आहेत. परंतु त्यातील तत्त्व येथेही घेता येण्याजोगे आहे. मुंबईत सेवेसाठी जाणाऱ्या येथील स्त्री-पुरुषांपाशी अनुभवाची मोठी शिदोरी आहे. महाविद्यालये, स्थानिक डॉक्टर आणि आधारगट यांनी एकत्र येऊन त्यांच्यासाठी अल्पमुदतीचे प्रमाणपत्र वर्ग चालविल्यास त्या अनुभवाला शास्त्राची जोड मिळेल. प्रशिक्षित सेवकाला आपल्याच शहरात, रास्त वेतनावर काम मिळाले, तर त्याचा प्रवासाचा वेळ वाचेल आणि येथील वृद्धांनाही आधार लाभेल.

या विचाराला विरोध करणारा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. आई-वडिलांना निवासात ठेवणे म्हणजे कर्तव्यात कसूर होय, असे मानले जाते. त्यामागील भावना आदरणीय आहे. परंतु कंपवाताच्या प्रगत अवस्थेत एकट्या वृद्ध पत्नीने आपल्या पतीला रात्रीतून चार वेळा उठविणे हे प्रेमाचे लक्षण असले, तरी ते तिच्या पाठीला आणि झोपेला झेपणारे नसते. सेवेचा शारीरिक भार दुसऱ्याने उचलला, तर पत्नीला पुन्हा पत्नी होऊन त्याच्याशेजारी बसता येते. चांगल्या निवासाने आप्ताची जागा घ्यावयाची नसते. ती त्याच्यासाठी मोकळी करून द्यावयाची असते.

१०. समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. कंपवाताची ओळख आणि त्यावरील औषध यांबाबत गेल्या दोन शतकांत मोठी प्रगती झाली व तीत भारतीय वनस्पती आणि संशोधक यांचा वाटा होता. घर, दयासंस्था आणि शासन यांनी आपापल्या काळात वृद्धांसाठी आश्रय व द्रव्याची तरतूद केली. रुग्णांच्या संघटनांनी शुभार्थी आणि शुभंकर यांना प्रतिष्ठा दिली. या साखळीतील वेतनी सेवक हा दुवा मात्र दुर्बल राहिला आहे. साहाय्यित निवास यशस्वी होणे अथवा न होणे हे याच दुव्यावर अवलंबून आहे.

सोपाऱ्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा आज मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. वृद्धांची तरतूद हा त्या लेखातील एक मुद्दा पुढील काळात कायद्यांपर्यंत पोहोचला. भुईगावच्या तुकड्याचा विषय असलेले, सेवकाशी योग्य वर्तन हे मंगल मात्र अद्याप पुरतेपणी आचरणात यावयाचे आहे. ज्या दिवशी नालासोपाऱ्यातील एखाद्या निवासात संध्याकाळची गोळी नेमक्या वेळी हातात पडेल, आणि ती देणाऱ्या व्यक्तीलाही तिच्या कामाचे रास्त वेतन, विश्रांती व मान मिळत असेल, त्या दिवशी या भूमीत सापडलेल्या दोन्ही लेखांचा आशय एकत्र आला असे म्हणता येईल.